आधी मोजायचं की आधी बदलायचं?

चार्जर लावलाय, त्याचा दिवाही लागलाय, पण पडद्यावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ एवढंच दिसतंय. असा लॅपटॉप घरात आला की आमच्याकडे दोन पक्ष पडतात. माझा मेहुणा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग कारखान्यांचं वायरिंग सांभाळत आलाय. संध्याकाळी घरी तो टीव्ही, इन्व्हर्टर आणि अलीकडे लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो. माझी मुलगी इथंच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते, आणि वर्गातल्या मुलींचे रुसलेले लॅपटॉप तिच्याच टेबलावर येऊन पडतात. मामाचं म्हणणं, मोजल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही. भाचीचं म्हणणं, चांगला चालणारा भाग लावून बघणं ही सगळ्यात जलद चाचणी.

मला हा वाद फार जवळचा वाटतो. आधी अडॅप्टर, मग बॅटरी, मग ‘मदरबोर्ड गेलाय’ अशी एकापाठोपाठ तीन बिलं भरणारी माणसं मी बघितलीत. दोष नेमका कुठं होता हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. या वेळचा लॅपटॉप मुलीच्या मैत्रिणीचा. गोल पिनचा, वॉरंटी संपलेला. अडॅप्टरवर चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि सगळं काम रखडत चालतं. एका दुकानात बॅटरी बदलून झाली, फरक पडला नाही. मग मदरबोर्डाचा खर्च सांगितला गेला.

भाची : मामा, मी माझा अडॅप्टर लावून बघितला. त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा. तरी तेच. म्हणजे तिच्या अडॅप्टरवरचा संशय गेला. तुम्ही मीटरच्या वायरी सोडवेपर्यंत माझं एक काम उरकलं.

मामा : उरकलं की. पण लावायच्या आधी दोन्हींवर काय छापलंय ते वाचलंस का?

भाची : वाचलं. दोन्हींवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. गुणाकार केला की ६५ वॅट. व्होल्ट तेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

मामा : हे तुला ठाऊक आहे. ‘पिन बसतीय ना, मग झालं’ म्हणून दुकानातून अडॅप्टर उचलणाऱ्याला ठाऊक नसतं. पिन बसली म्हणून व्होल्ट जुळत नाहीत. आणि जुळले तरी आत काय भरलंय ते वरून दिसत नाही.

भाची : त्याला उपाय आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाखाली ‘आर’पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर नावाच्या अॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं.

हे मी जरा ठळकपणे सांगतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा पहिला आदेश २०१२ चा. पुढे त्याच यादीत अडॅप्टर आणि बॅटऱ्याही आल्या. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून, पैसे देण्याआधी, हा नंबर तपासता येतो. कुणी तपासताना दिसत नाही, आणि नवा अडॅप्टर महिन्याभरात शिट्टी मारायला लागला की मग नशिबाला दोष देतात.

मामा : मी माझ्या पद्धतीनं सांगतो. मीटर डीसीवर, २० व्होल्टच्या रेंजवर ठेवायचा. लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेरच्या कड्याला. १९.५ च्या आसपास आलं पाहिजे.

भाची : इथंच माझा आक्षेप आहे. मीटरवर झकास १९.५ दाखवणारा आणि लॅपटॉपला लावला की झोपणारा अडॅप्टर मी हातात धरलाय. मीटर स्वतः काही ओढत नाही, त्यामुळे आतला कपॅसिटर थकलेला असला तरी आकडा बरोबरच येतो. तुमचं मोजणं तिथं फसतं, माझं बदलून बघणं फसत नाही.

मामा : रिकाम्यावर मोजलं तर फसणारच. मोटार रिकामी फिरली म्हणून माग ओढेल असं कुणी धरतं का? मी १० ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर लावतो. १९.५ व्होल्टला तो जवळजवळ दोन अँपिअर ओढतो, म्हणजे ३८ वॅट. तेवढ्या लोडवर आकडा जागेवर राहिला तर अडॅप्टर धड. लटपटला तर गेला. रेझिस्टरला मात्र हात लावायचा नाही, भाजतं.

भाची : हा रेझिस्टर हॉस्टेलवर कुणाकडे असणार?

मामा : नसणार. म्हणून तुझा अडॅप्टर लावून बघितलास त्याबद्दल मी काही बोललो नाही. माझं भांडण पुढचं आहे. तू तुझा चांगला भाग तिच्या खोलीत, तिच्याच सॉकेटला लावलास ना? सॉकेटमध्ये काय येतंय ते न बघता?

भाची : दोनशे तीसच येणार की.

मामा : येईल. नाहीतर तीनशेही येईल.

मामा असं बोलला की ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते. ती नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. घराघरांना एकेक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळतो, त्यांच्यात २३० व्होल्ट असतात. दोन फेजांमध्ये मात्र ४०० च्या घरात. न्यूट्रल कुठं तुटला किंवा सैल झाला की तिन्ही फेजांवरची घरं एकमेकांतून वीज ओढू लागतात. ज्या फेजवर लोड जास्त तिथले दिवे मिणमिणतात, आणि जिथं कमी तिथं व्होल्टेज तीनशेच्या पुढं चढतं. एका घरात पंखा रेंगाळतोय आणि शेजारच्या घरात बल्ब डोळे दिपवून फुटतोय, हे त्याचं लक्षण.

भाची : पण अडॅप्टरवर लिहिलेलं असतं, १०० ते २४० व्होल्ट. कमी व्होल्टेज तो सहज सोसतो.

मामा : कमी सोसतो. जास्त नाही. आत गेल्यावर एसीचा डीसी होतो, २३० चे सुमारे ३२५. सॉकेटला ३०० आले तर आत ४२४. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर बऱ्याचदा ४०० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो फुगणार, नाहीतर फुटणार. मग तू काय करणार? दुसरा चांगला अडॅप्टर आणून त्याच सॉकेटला लावणार. बदलून बघणाऱ्याचे दोन अडॅप्टर जातात ते असे.

भाची : बरं, हे मान्य. एक गेल्यावर दुसरा लावायच्या आधी सॉकेट बघायचा.

मामा : आणि हे काम वायरमनकडून करून घ्यायचं. मुलींनी खोलीत सॉकेटमध्ये मीटरची टोकं खुपसत बसायचं नाही. अडॅप्टरही फोडायचा नाही. प्लग काढल्यावरसुद्धा तो कपॅसिटर भरलेला राहू शकतो.

या गावात विजेच्या बाबतीत एक गोष्ट अशी झालीय की तिचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि दक्षिणेकडची ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडली गेली. तेव्हापासून सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. शहराजवळच एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. इतकी वीज दाराशी असूनही लॅपटॉपचं नशीब शेवटी डीपीवरच्या एका नटावर आणि घरातल्या एका सैल सॉकेटवर ठरतं. म्हणून मामाचं भिंतीपासून सुरुवात करणं मला पटतं.

अर्थिंगचंही तेच. तीन पिनचा प्लग टू-पिनमध्ये घुसवायला जोडणी लावली, किंवा अर्थिंगची वायर कुठंच पोचलेली नसली, की धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात फिरवताना मुंग्या येतात. अडॅप्टरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून झिरपणारा तो प्रवाह असतो. एरवी तो अर्थिंगमधून जमिनीत जातो. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मे महिन्यात खड्ड्यात पाणी घालायचं ही आमच्या वडिलांच्या पिढीची सवय होती, ती पुन्हा लावून घ्यावी.

भाची : मामा, तुम्ही भिंतीकडून लॅपटॉपकडे येता. मी लॅपटॉपलाच विचारते. तो पुष्कळ सांगतो, लोक वाचत नाहीत. तिचा लॅपटॉप सुरू करून मी आधी बॅटरीचा रिपोर्ट काढला. विंडोजमध्ये एक कमांड दिली की तो तयार होतो. त्यात दोन आकडे बघायचे, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. बॅटरी नवी असताना किती मावत होतं आणि आता किती मावतंय. निम्म्यावर आलं असेल तर बॅटरी म्हातारी झाली.

मामा : तिच्या नव्या बॅटरीचं काय आलं?

भाची : नवी ठणठणीत. पण त्याच रिपोर्टमध्ये मागच्या आठवड्यांचेही आकडे असतात, म्हणजे जुन्या बॅटरीचे. तीही चांगलीच होती! दुकानानं हा रिपोर्ट काढला असता तर बॅटरी बदललीच नसती. दुसरं म्हणजे काही लॅपटॉपांत बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते. ती कुणीतरी चालू करून ठेवलेली असते, आणि लोक ‘ऐंशीच्या पुढं जात नाही’ म्हणून दुकान गाठतात. तिच्यात तसं नव्हतं.

मामा : आणि गरमीचं? दुपारी चार्ज होत नाही, रात्री होतो, असे लॅपटॉप उन्हाळ्यात माझ्याकडे येतात.

भाची : तेही बघितलं. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या पुढं गेला की चार्जिंग कमी करायचं किंवा थांबवायचं, असं सर्किटलाच शिकवलेलं असतं. बॅटरीत तापमान बघणारा थर्मिस्टर बसवलेला असतो. बाहेर ४३, पत्र्याची खोली, मांडीवर सोलापुरी चादर आणि चादरीनं झाकलेल्या खालच्या जाळ्या. ४५ व्हायला कितीसा वेळ? तिथं काही बिघडलेलं नसतं, बॅटरी स्वतःला जपत असते.

मामा : कारखान्याच्या वस्तीतल्या लॅपटॉपात आणखी एक असतं. टॉवेलच्या मागांचा तूस हवेत उडतो, तो पंख्यात जाऊन नमद्यासारखा बसतो. माझ्याकडं आलेल्या लॅपटॉपांत नुसता पंखा साफ करून चार्जिंग सुरू झालेले आहेत.

चादर आपल्या गावची शान, भौगोलिक मानांकन मिळालेली. पण लॅपटॉपखाली ती नको. सपाट टेबल नसेल तर पाट चालतो.

भाची : आता मुद्द्याचं. तिचा लॅपटॉप सुरू होताना मी बायोसमध्ये गेले. तिथं अडॅप्टरच्या रकान्यात वॅटचा आकडा येतो. तिच्यात लिहून आलं, ‘अननोन’. माझा अडॅप्टर लावला तरी ‘अननोन’. मग मला बाकी काही उघडायची गरज वाटली नाही. या कंपनीच्या गोल प्लगमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. अडॅप्टर तिच्यातून स्वतःची ओळख सांगतो, की मी अमुक वॅटचा. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. चार्जिंग नाही आणि काम रखडतंय, दोन्ही तक्रारी एकाच जागी येऊन मिळाल्या. आणि मी मीटरला हातसुद्धा लावला नव्हता.

मामा : शाबास. ओळख पोचत नाही हे कळलं. कुठं तुटलीय ते कळलं का? दोन्ही अडॅप्टरच्या सुया वाकलेल्या असू शकतात. जॅक असू शकतो, जॅकची वायर असू शकते, बोर्डावरचा रस्ता असू शकतो. तू आता काय बदलून बघणार होतीस?

भाची : जॅक.

मामा : आणि त्यानं झालं नसतं तर बोर्ड. म्हणजे त्या दुकानाच्याच वाटेनं.

इथं भाची थोडा वेळ गप्प बसली, पण हरली असं मला वाटत नाही. शोध बोर्डापासून एका बारीक तारेपर्यंत तिनंच आणून ठेवला होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात. खालचं झाकण काढलं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. जॅक बोर्डाला थेट डाग दिलेला नव्हता, वेगळ्या छोट्या वायरीनं जोडलेला होता. मामानं मीटर कंटिन्युइटीवर ठेवून जॅकच्या एकेका टोकापासून कनेक्टरपर्यंत तपासलं. जाड वायरी बीप देत होत्या. ओळखीची बारीक वायर देत नव्हती. जॅकजवळ ती वाकवली की मध्येच क्षणभर बीप यायचा. आतून तुटलेली. जॅक वायरीसकट बदलायचा भाग आहे, तो बदलला. बायोसमध्ये ६५ वॅट आले आणि चार्जिंग सुरू झालं. तीन वर्षं बिछान्यावर लोळून, वायर ताणून काम केल्याचा तो परिणाम.

भाची : म्हणजे शेवटी भाग बदलूनच काम झालं ना?

मामा : मोजून बदलला. एकच बदलला.

भाची : पण सगळ्यांना हे कसं जमेल? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पूर्ण बोर्ड बदलतात, कारण बदललेल्या बोर्डाची हमी देता येते. तुमच्यासारखं एक मॉसफेट बदलून दिलं, तर उद्या शेजारचा जाणार नाही असं कोण लिहून देणार? वॉरंटीत असलेला लॅपटॉप मी तुमच्याकडं कधीच आणणार नाही.

मामा : वॉरंटीत असलेला आणूच नकोस. ती संपल्यावर बोल. जॅकमधून वीज आत आली की पहिल्यांदा फ्यूज, मग दोन मॉसफेट, मग प्रवाह मोजणारा एक छोटा रेझिस्टर, तिथून मुख्य लाइन आणि चार्जिंगची आयसी. या वाटेवर दहाबारा ठिकाणी टोक टेकवलं की वीज कुठं अडली ते कळतं. मुख्य लाइनवर पसरलेल्या चपट्या कपॅसिटरांपैकी एखादा शॉर्ट होतो. तो तांदळाच्या कणीएवढा. सप्लायवरून एक व्होल्ट, ठरावीक अँपिअरच्या मर्यादेत, त्या लाइनला द्यायचा आणि बोर्डावर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावायचं. शॉर्ट झालेला कपॅसिटर तापतो आणि त्याच्यावरचं आयपीए आधी उडून जातं. त्या एका कणीसाठी अख्खा बोर्ड कचऱ्यात घालायचा? आणि बोर्डाच्या सर्किटचा नकाशा मागितला तर बहुतेक कंपन्या देत नाहीत.

मामाच्या या तक्रारीच्या मी पूर्णपणे बाजूनं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून. दिशा योग्य आहे. पण बोर्डाचा सर्किट नकाशा आणि सुटे भाग गावातल्या कारागिराच्या हातात येत नाहीत, तोवर मामासारखी माणसं जुन्या बोर्डांवर मोजून मोजून स्वतःच नकाशे लिहीत बसतात. त्याच्या वह्या मी बघितल्यात.

भाची : पुढं हे सगळं सोपं होणार आहे. टाइप-सी आलंय. युरोपीय संघानं तर २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना तेच सक्तीचं ठरवलं. एक चार्जर, सगळ्यांना.

मामा : सोपं नाही, वेगळं होणार. गोल पिनेवर १९.५ व्होल्ट कायम असतात, टोक लावलं की दिसतात. टाइप-सीत आधी पाचच व्होल्ट येतात. मग चार्जर आणि लॅपटॉप आपसात ठरवतात, ९, १५ की २०. पाचावरच अडकला तर बोलणं कुठं तुटलं ते कसं शोधणार?

भाची : मध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो, त्याच्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. आणि सगळ्यात आधी केबल बदलायची. साधी केबल तीन अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून जास्त पाहिजे तर केबलच्या टोकात चिप असलेली, पाच अँपिअरची केबल लागते. फोनची केबल लावून चार्जरलाच ‘स्लो चार्जर’ म्हणणारे पुष्कळ आहेत. इथं माझंच बदलून बघणं आधी, मामा.

मामा : केबल बदल. केबलला माझी ना नाही. पण पोर्टात तूस बसलाय का ते बॅटरीनं बघ. आणि ट्रॅकपॅड वर आलेला दिसला, खालचं झाकण फुगलेलं दिसलं, तर काहीच लावून बघायचं नाही. ती फुगलेली बॅटरी. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंग तिथल्या तिथं बंद.

भाची : बॅटरीनं म्हणजे?

मामा : अगं, हातातल्या बॅटरीनं. टॉर्चनं.

भाची : बरं. तिच्या जुन्या बॅटरीचं काय करायचं? चांगली होती ती.

मामा : दुकानातून परत मागा. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाचा असतो, बिलाबरोबर तो हातात घ्यायचाच. निम्मी चार्ज करून गार जागेत ठेवली तर राहील.

भाची : अजून एक लॅपटॉप आलाय माझ्याकडं. अडॅप्टरचा दिवा चालू असतो, पिन लॅपटॉपात घातली की दिवा विझतो. काढली की परत लागतो.

मामा : आत शॉर्ट आहे. अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतोय. उद्या संध्याकाळी घेऊन ये. पण त्याला तुझा अडॅप्टर लावून बघू नकोस. स्वस्तातला असला तर तो बंद होणार नाही, बोर्ड जाळेल.

भाची : नाही लावणार. बायोस मात्र उघडून बघणार.

मामा : बॅटरीत जीव असला तर बघ. अडॅप्टर काढून ठेवून.